कागदावर अठरा

"म्हंजी पोरगी पुन्यांदा जल्माला आली आसं लिहून देऊ व्हय सर?"

राजारामनं खटका खाली ओढला. डंक आणखी दोन ठोके देऊन थांबला. चारही लोखंडी मुसळं आपापल्या खळग्यात टेकली आणि लालबागच्या त्या गल्लीत शेजारच्या दुकानांतल्या डंकांची धडधड तेवढी राहिली. त्यानं नाकावरचं फडकं हनुवटीवर ओढलं. भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर, बनियनच्या गळ्यावर मिरचीची पूड साचलेली. समोर शरच्चंद्र सर रुमालात तोंड खुपसून उभे होते.

"पुन्हा जन्माला कशाला? साल तेवढं बदलायचं," सर रुमालातूनच म्हणाले. "एकोणनव्वदच्या ठिकाणी एक्क्याण्णव. तारीख आहे तीच ठेवू, नऊ डिसेंबर. म्हणजे तुमच्या केकाची पंचाईत नको." ते हसले आणि हसता हसता सलग तीन वेळा शिंकले.

गल्ल्यावरून दुकानमालक तात्या म्हणाले, "सर, इथं बोलायला आमचा राजाच पाहिजे. त्याचं नाक मेलंय."

खरंच मेलं होतं. सोळा उन्हाळे तो त्या डंकावर उभा होता. भाजलेल्या मिरच्यांचे, धण्यांचे डबे घेऊन बाया यायच्या, पदर नाकाला लावून बाकावर बसायच्या, खोकून खोकून रडकुंडीला यायच्या आणि हा मेला कसा उभा राहतो म्हणून त्याच्याकडं बघायच्या. त्याला ना ठसका लागायचा, ना डोळ्यांतून पाणी यायचं.

सर परळच्या एका मैदानावर मुलींना खो-खो शिकवायचे. फुकट शिकवायचे. स्वतःचे गुडघे कामातून गेले होते, पण संध्याकाळी शिटी तोंडात धरून उभे राहायचे, ते दिवे लागेपर्यंत. राजारामची एकुलती एक पोरगी संघमित्रा, घरातली मितू, चार वर्षं त्यांच्या हाताखाली होती.

"राजाराम, नीट ऐका. अशी पोरगी दहा वर्षांत माझ्याकडं आली नाही. खांबाला हात लावून कुठल्या अंगाला निघेल, तिचं तिलाच माहीत. चौदाच्या आतल्या मुलींचा संघ मे महिन्यात सांगलीला जातो. हिला डिसेंबरात चौदा पूर्ण झाली, पाच महिन्यांनी बाद होते. पाच महिने. तिथं येणाऱ्या निम्म्या पोरी सोळाच्या असतात, मी डोळ्यांनी बघतो. आपल्याच पोरीनं खरं वय घेऊन घरी बसायचं?"

त्यांनी पिशवीतून कागद काढला. स्टँपचा कागद, टाईप करून तयार. मुलगी गावी राहत्या घरी जन्मली, त्यामुळं दाखला वेळेवर निघाला नाही, शाळेत नाव घालताना वडिलांच्या अज्ञानामुळं साल चुकीचं सांगितलं गेलं, असं त्यात होतं. खाली राजाराम सीताराम बनसोडे, आणि सहीसाठी मोकळी जागा.

"शाळेचं, ग्रामपंचायतीचं मी बघतो. तुमची फक्त सही. सोमवारी नावं जातात."

"दोन वर्सं का पन? पाच म्हयन्यासाठी एक पुरं झालं आसतं."

"म्हणजे पुढच्या वर्षीही खेळेल."

राजारामनं फडक्याला हात पुसून कागद घेतला. तरी कडेला लाल बोट उमटलंच.

"बगतो," तो म्हणाला, आणि कागद घडी करून वरच्या फळीवर, वजनाच्या मापाखाली ठेवला.

*

त्याचं स्वतःचं वय वाढवलं होतं त्याच्या बापानं. ते साल एक्क्याऐंशीचं.

बाप, सीताराम, डिलाईल रोडला बीडीडी चाळीत राहून गिरणीत रिंगखात्यात होता. साच्यावर, कापड विणायला, त्याच्या पिढीत आपल्या लोकांना घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपलं उष्टं वरच्या जातींना चालायचं नाही. म्हणून सगळी आळी रिंगखात्यात, सूत कातायला. राजाराम आईपाशी गावी. सातारच्या अंगाला, डोंगराच्या पोटात गाव. सातवीत होता. पोहायला पटाईत, अभ्यासात बेताचा. त्या उन्हाळ्यात सीताराम गावी आला आणि येतानाच गिरणीच्या दुकानातली धोतरजोडी घेऊन आला. ती धोतरजोडी शाळेच्या मास्तराच्या घरी गेली.

मुकादमानं सीतारामला सांगितलं होतं, रिंगला बदली कामगार भरणार आहेत, परत भरती कवा निघंल सांगता येत नाही. बदली म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता उभा राहणारा. त्याला अठरा वर्षं पुरी लागत. राजारामला चौदा होत होती.

"सातवीत अठरा वर्षांचा घोडा कसा दाखवू रे सीताराम?" मास्तर म्हणाला. मग त्यानंच तोड काढली. जन्मसाल सदुसष्टचं त्रेसष्ट केलं, आणि पोरगं चार वर्षांपूर्वीच सातवी होऊन शाळा सोडून गेलं, असा दाखला लिहिला. म्हणजे गेली चार वर्षं राजाराम ज्या वर्गांत बसला, ज्या बाकावर त्यानं नाव कोरलं, तिथं तो कागदावर नव्हताच.

मुंबईत आणल्यावर सीतारामनं पहिलं काम केलं ते न्हाव्याकडं न्यायचं. आठवड्यातून दोनदा चाळीच्या कोपऱ्यावर पोराच्या कोऱ्या गालांवरून वस्तरा फिरवायचा. वस्तरा फिरला की दाढी लवकर फुटते, असं सगळ्या चाळीचं मत. अशी पोरं त्या साली न्हाव्याकडं चार-पाच होती, ओळीनं बसायची. दाढी काही फुटली नाही, पुटकुळ्या फुटल्या. संध्याकाळी गॅलरीत उभं करून बाप विचारायचा, "वय?"

"चौ... अठरा."

थोबाडीत बसायची. "पुन्यांदा. वय?"

"अठरा पुरी, सायब."

गिरणीच्या डॉक्टरनं तोंड उघडायला लावून दाढा बघितल्या, हात वर करायला लावून काखेत बघितलं, पुटकुळ्यांवरच्या वस्तऱ्याच्या खुणा बघितल्या आणि पुढच्याला बोलावलं. एवढंच. पहिल्या दिवशी सुटताना दरवाज्यावर झडती झाली, तेव्हा खिशात पाच गोट्या निघाल्या.

"ये किसका है?" दरवान म्हणाला.

"भावाच्या हायत. धाकट्या." त्याला भाऊ नव्हता.

दरवानानं गोट्या टेबलावर ठेवल्या आणि पुढं हो म्हणून खूण केली. राजारामनं त्या मागितल्या नाहीत. अठरा वर्षांचा माणूस गोट्या कशाला मागंल?

आठ महिने. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, मुकादमानं बोट दाखवलं तर आत. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, तुटलेली सुताची तार सांधायची. दुपारी डोळा लागायचा तर कापसाच्या पोत्यांमागं लपून झोपायचं. मुकादम लाथेनं उठवायचा, पण रागानं नाही, बैलाला उठवावं तसं. आठ महिन्यांत निम्मे दिवस भरले असतील. मग ब्याऐंशीचा जानेवारी आला, आणि संप झाला. सगळ्या गिरण्या एका दिवसात थंड पडल्या.

महिन्याभरात मिटंल, होळीपर्यंत मिटंल, असं करत सीताराम चाळीत थांबला आणि पोराला परत गावी धाडलं. तिथं राजारामच्या बरोबरीची पोरं आठवीत गेली होती. त्यानं शर्ट धुतला आणि शाळेत गेला.

मास्तरानं त्याला वर्गात घेतलं नाही. व्हरांड्यात बोलला. "कागदावर तू एकोणीसचा आहेस बाबा. शाळा सोडून पाच वर्षं झाली. आता परत सदुसष्ट लिहिलं, तर आधी मी आत जाईन."

"मग म्या काय करू?"

"मोठा झालास की तू. मोठी माणसं करतात ते कर."

वर्ग सुरू होता. कुणीतरी कुणाच्या तरी टाळक्यात टपली मारली. राजाराम खिडकीतून थोडा वेळ बघत उभा राहिला आणि मग नदीवर गेला. पाण्यात उतरला नाही, काठावर बसून परत आला.

पुढं बापाची गिरणी उघडली ती अर्धीमुर्धी, आणि सीतारामला तिनं आत घेतलं नाही. राजाराम मुंबईला आला, कॉटन ग्रीनला गोदामात पोती उचलली, मग एकदा तात्यांनी डंकावर उभा केला. रेशनकार्डावर, मतदानाच्या कार्डावर, लग्नाच्या नोंदीत, सगळीकडं त्रेसष्ट. लग्न ठरवताना पंचवीस सांगितलं होतं. त्याची बायको कमळ अजून भांडणात काढायची, "पंचवीसचा सांगून एकवीसचा माझ्या गळ्यात मारला. मला वाटलं, गडी जरा कवळा दिसतोय, पन सवयीनं निबार हुईल."

*

शनिवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दार उघडंच होतं. चाळीत कुणाच्या तरी घरी टीव्ही मोठ्यानं लागला होता. कमळ भाकऱ्या थापत होती आणि मितू दाराच्या चौकटीला पाठ लावून, पाय लांब करून बसली होती. दोन्ही गुडघ्यांवर खपल्या. पायांत सरांनी आणून दिलेले पांढरे बूट, घरातही काढत नव्हती. भिंतीवर डिसेंबरातल्या वाढदिवसाचा फुगा अजून लोंबत होता, सुरकुतून बोराएवढा झालेला.

"नाव?" कमळनं तव्यावरची नजर न काढता विचारलं.

"संघमित्रा राजाराम बनसोडे."

"जल्म?"

"नऊ डिसेंबर एकोणीसशे एक्क्याण्णव."

"वय?"

"बारा पूर्ण, तेरावं चालू."

"कुटं जल्मलीस?"

"गावी. राहत्या घरी. आजीच्या हातानं."

"आन् इचारलं, एवढी थोराड कशी दिसतीस?"

"सांगीन, आमच्यात भाकरी खातात." दोघी हसल्या. पाढे म्हणावेत तशी पोरगी म्हणत होती. कुठं अडत नव्हती, डोळा हलत नव्हता.

राजारामनं चप्पल काढली. दारात त्याला मितूचे पाय ओलांडावे लागले.

"पप्पा, केली ना सही?"

"सोमवारी हाय ना?"

"सर म्हणाले उद्याच द्या. पप्पा, मला अकरा नंबरची जर्सी देणार आहेत."

तो मोरीत गेला, हातपाय धुतले. लाल पाणी गेलं. बाहेर येऊन बापाच्या खाटेपाशी बसला. सीताराम सत्तरीच्या पुढं गेला होता. रिंगखात्यातल्या आवाजानं कान अर्धे गेलेले, पण आपल्याला हवं ते ऐकू यायचं.

"आबा, ऐकलं न्हवं ह्यांचं?"

"ऐकलं. कर की सही. मी केलती."

"तुमी केलती म्हनूनच इचारतोय."

"मग? वाईट केलं?" म्हातारा उठून बसला. "भरती निघाली हुती. तू गावाला म्हशीमागं हिंडनार हुतास, मी तुला गिरनीत आनला. गिरनी बंद पडंल हे कुनाच्या बापाला ठावं हुतं? आमच्या टायमाला पोरगं बिगीनं मोटं करायचं. ल्हान ठिवून काय करता? त्याला काय भाव हुता?"

"आन् आता?"

"आता ल्हानाला भाव हाय. ही म्हनती ल्हान करा. करा मग." तो परत आडवा झाला. "तुझं चार वाढावलं, हिचं दोन कमी कर. मला तर काय कळंना कुनाचं बराबर."

कमळनं ताट वाढलं. जेवताना ती म्हणाली, "आवं, दोन वर्सं आनखी पोर म्हनून ऱ्हाईल. त्यात तुमचं काय जातंय? तुमाला न्हाय मिळालं म्हनून तिलाबी न्हाय?"

राजाराम जेवत राहिला. कमळचं चूक आहे असं त्याला वाटत नव्हतं. दोन वर्षं जास्त. त्याला चौदाव्या वर्षी कुणी अशी दोन वर्षं हातावर ठेवली असती, तर त्यानं मुठीत घेऊन पळ काढला असता. फक्त मघाशी पोरगी सफाईनं बोलली, ते त्याच्या कानात राहिलं होतं. त्याला तसं बोलायला थोबाडीत खाव्या लागल्या होत्या, आणि तरी विशीपर्यंत कुणी वय विचारलं की एक क्षण थांबावं लागे. आता थांबावं लागत नव्हतं. आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी तो त्रेसष्ट म्हणाला असता, आणि खरं कुठलं ते बोटांवर मोजून काढावं लागलं असतं.

"ताक हाय का?" त्यानं विचारलं.

*

सोमवारी सकाळी सर आले. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, बाकावर पाच-सहा बाया. सर फळीपाशी आले आणि मापाखालचा कागद त्यांनीच काढला. सहीची जागा तशीच मोकळी.

"राजाराम?"

"सर, सही न्हाय हुनार."

"अहो, का पण?"

राजारामनं डंक चालूच ठेवला होता, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागत होतं. बाया ऐकत होत्या.

"म्या एकदा वाढावलेलं परत कमी कराय गेलतो. मास्तर म्हनला, आता हुत न्हाय, मीच फसतो. उद्या हिला कुटं वाढवायची गरज पडली, तर तुमी आसाल का?"

"दोन वर्षांनी कुणाचं काय बिघडतं? उलट पुढं नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतील."

"आसंल."

"तिचं नुकसान करताय तुम्ही. मी चार वर्षं घातलीत त्या पोरीवर."

"व्हय सर. मला म्हाईत हाय."

सरांना ठसका लागला म्हणून त्यांनी तोंड फिरवलं, पिशवीत कागद घातला आणि गेले. जाताना तात्यांना नमस्कार करायचाही विसरले. बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "बापच असा तर काय."

तात्या म्हणाले, "राजा, अरे कागदच तो. आमच्या मुलानं शाळेत नाव घालायला नातवाचं वय आठ महिने पुढं ओढलं. कुणाला काय कळलं?"

"न्हाय कळत," राजाराम म्हणाला आणि नवा डबा खळग्यात ओतला.

घरी त्या संध्याकाळी मितूनं बूट काढून खाटेखाली सरकवले. रडली नाही. विचारलं, "का?" त्यानं सरांना सांगितलं तेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण ते तुमचं झालं ना पप्पा. माझं वेगळं आहे." तेही खरं असू शकत होतं. कमळ तीन दिवस त्याच्या पुढं ताट ठेवायची आणि पाठ फिरवून बसायची. सीताराम खाटेवरून एकदाच म्हणाला, "पोरीचा घास काढलास." राजारामला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही म्हणावं तसं. वाटायला पाहिजे होतं, एवढं त्याला कळत होतं.

संघ सांगलीला गेला त्या दिवशी दुपारी मितू दुकानात आली. कमळनं डबा दिला होता. दहा-बारा दिवसांत ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती. ओढणी नाकाला लावून ती उंबऱ्यापाशीच थांबली, आणि त्यानं डंक बंद करून डबा घेतला.

"गेल्या का पोरी?"

"सकाळीच. माझ्या जागी बकुळाला घेतलं."

"खेळती बरी?"

"पळते. पण सूर नाय मारत, घाबरते. हरणार त्या." तिनं ओढणी पुन्हा नाकावर ओढली. "ती खरंच तेराची आहे."

राजारामनं मान हलवली. तात्यांनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तिनं तो तोंडात टाकला आणि पाठीवरच्या दप्तरातून एक फॉर्म काढला. नववीचा, सुट्टीनंतर भरून द्यायचा.

"पप्पा, यात वडिलांची जन्मतारीख पाहिजे. कुठली लिहू?"

पूड पडू नये म्हणून तिनं फॉर्म लांब धरला होता.

"एक जून त्रेसष्ट."

"पण खरी नाय ना ती."

"सगळीकडं तीच हाय. तीच लिही."

"मग माझं का..." ती थांबली. ठसका लागला, खोकली, डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं फॉर्म दप्तरात टाकला. लिहिणार की नाही, सांगितलं नाही.

"मम्मी म्हणते, येताना हळद आणा." ती गेली. गल्लीच्या तोंडाशी तिनं ओढणी सोडली आणि पळत सुटली. पायांत चपला होत्या.

"आवं, माझ्या मिरच्या कवाच्या पडल्यात," बाकावरून एक म्हातारी बोलली. "खालची दोन किलो संकेसरी हाय, ती ब्याडगीत मिसळू नगंस."

"न्हाय मिसळत मावशे."

त्यानं डबा फळीवर ठेवला. हात कोरडे केले, फडकं नाकावर ओढलं, म्हातारीच्या मिरच्या खळग्यात सारख्या केल्या आणि खटका वर केला.